जॉर्जटाउनला बांधकाम करायचंय: भराव, पाइल आणि पाणी

प्रश्न थोडक्यात असा. पुणे-नाशिक पट्ट्यात आठ-दहा वर्षं साइट सांभाळलेल्या एका सिव्हिल इंजिनिअरला गयानाची राजधानी जॉर्जटाउन इथल्या कामासाठी बोलावणं आलंय. पुढे तीन मजली ऑफिस, मागे गोदाम. ५० बाय १०० फुटांचे दोन प्लॉट शेजारी शेजारी. मालकाला वर्षभरात ताबा हवाय. विचारलंय की आपल्याकडच्यापेक्षा तिथे वेगळं काय आणि माणूस फसतो कुठे.

आधी निष्कर्ष सांगतो, हिशेब पुढे देतो. तिथे जमीन उंच करण्याच्या भानगडीत कमीत कमी पडा, मजला उंच करा. पुण्यात चार फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो, तिथल्या सवयी मनातून काढून टाका. मुंबईत खाडीकाठच्या भरावावर काम केलेलं असेल तर त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

पार्श्वभूमी जेवढी लागते तेवढीच. गयाना दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर आहे, लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास. २०१५ मध्ये किनाऱ्यापासून १९० किलोमीटरवर खोल समुद्रात लिझा हा तेलसाठा सापडला आणि डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये चौथं तरंगतं उत्पादन-जहाज चालू झालं. चारही जहाजांची मूळ आखलेली क्षमता धरली तर रोज ८ लाख बॅरलच्या वर जाते. २०२२ या एका वर्षात अर्थव्यवस्था ६० टक्क्यांहून जास्त वाढली. तेल निघतं समुद्रात, शहरात ते दिसतं डंपर, क्रेन आणि चढत्या भाड्यांच्या रूपात. डेमेरारा नदीवर १९७८ चा तरंगता पूल होता, त्याच्या जागी ऑक्टोबर २०२५ मध्ये चौपदरी केबल-स्टेड पूल खुला झाला. पूर्वेकडून ओगल ते एक्ल्स असा शहराला वळसा घालणारा चौपदरी रस्ता भारताच्या कर्जाची मदत घेऊन आखला गेला, आणि २०२२ मध्ये ते कंत्राट नाशिकच्या अशोका बिल्डकॉनला मिळालं. म्हणजे मराठी बोलणारा साइट इंजिनिअर तिथे अगदीच परका नाही. हे सगळं एकाच वेळी चालू असल्यामुळे खडी, सिमेंट, पाइल (जमिनीत खोल घालायचे पायाचे खांब) ठोकायची यंत्रं आणि कुशल हात यांची ओढाताण असते. तुमचं छोटं काम त्या रांगेत शेवटी उभं आहे, हे वेळापत्रक करताना विसरू नका.

आता जमीन. हा सगळा किनारा डच मळेवाल्यांनी बांध घालून समुद्राकडून घेतलेला. शहराचं त्या काळचं नाव स्टाब्रुक, आणि आजच्या तेलक्षेत्रालाही तेच नाव दिलंय. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी शहराच्या रस्त्यांपेक्षा वर असते. पुढे १८५५ पासून बांधत नेलेली समुद्रभिंत, मागे गोड्या पाण्याचे बांधलेले साठे, आणि मधल्या पट्टीतलं पावसाचं पाणी ओहोटीला दरवाजे उघडून सोडायचं. त्या दरवाजाला तिथे ‘कोकर’ म्हणतात. रायगडच्या खारभूमीतली उघाडी किंवा गोव्याच्या खाजणातली मानस ज्याने पाहिली आहे, त्याला कोकर समजवावा लागणार नाही. फरक इतकाच की इथे त्यामागे भाताचं शेत नसून देशाची राजधानी आहे.

माती म्हणजे अॅमेझॉनमधून समुद्रप्रवाहाबरोबर वाहत आलेला गाळ. वर सुकून कडक झालेला मीटर-दीड मीटरचा पापुद्रा, त्याखाली लोण्यासारखी निळसर-करडी चिकणमाती, खूप खोलवर. मध्येच कुजक्या वनस्पतींचा काळपट थर लागतो, त्याला स्थानिक लोक ‘पेगास’ म्हणतात. पापुद्र्यावर उभं राहिलं की जमीन टणक वाटते आणि तिथेच पहिली फसगत होते. मऊ मातीची शिअर स्ट्रेंग्थ (सरकायला होणारा विरोध) १५ किलोपास्कल धरली तर उथळ पायाची सुरक्षित धारणक्षमता ५.१४ (धारणेचा गुणक) गुणिले १५ भागिले ३ (सुरक्षा गुणक), म्हणजे सुमारे २६ किलोपास्कल, चौरस मीटरला जेमतेम अडीच टन. पुण्यात चांगल्या मुरमावर याच्या दसपट सहज धरता.

मातीची तपासणी करताना नेहमीची एसपीटी (रॉड ठरावीक खोली जायला किती घाव लागतात ते मोजणं) इथे काहीच सांगत नाही. रॉड स्वतःच्याच वजनाने खाली जातो, अहवालात एन, म्हणजे घावांची संख्या, शून्य किंवा एक, आणि त्यावरून कोणी काहीही काढतं. फील्ड व्हेन टेस्ट (मातीत पाती फिरवून तिची ताकद मोजणं) मागा, जमलं तर पाण्याचा दाब मोजणारी सीपीटी (जमिनीत शंकू ढकलत जाणारी चाचणी), आणि पातळ नळीने काढलेल्या अबाधित नमुन्यांवर कन्सॉलिडेशन टेस्ट (भाराखाली पाणी निघून माती किती आणि किती वेळात दबते त्याची). दोन प्लॉटमध्ये किमान तीन बोअर घ्या, खोली २५ ते ३० मीटर. दहा मीटरवर थांबलेला अहवाल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. पेगासच्या नमुन्याची सेंद्रिय टक्केवारी, आम्लता आणि सल्फेटही तपासून घ्या. या किनारपट्टीवर अशी माती आहे जी उघडी पडून हवा लागली की आम्ल सोडते, आणि ते काँक्रीटला खातं.

बोअरच्या जागा ठरवण्याआधी जुना नकाशा शोधा. शहर उसाच्या मळ्यांच्या लांबट पट्ट्यांवर वसलंय आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये कालवे होते. त्यातले बरेच बुजवले. आज मेन स्ट्रीटच्या मधोमध जो झाडांखालचा फिरायचा रस्ता आहे, तोही मुळात कालवाच. तुमच्या प्लॉटखाली असा बुजलेला कालवा तिरका गेला असेल, तर इमारतीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त खचणार. एक बोअर मुद्दाम त्या रेषेवर घ्या.

आता भरावाचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी यातच आहे. प्लॉट मिळाला की पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या वाळूचे डंपर यायला लागतात. ही वाळू सोस्डाइक-लिंडन महामार्गाच्या बाजूच्या खाणींतून येते. समजा तुम्ही सगळीकडे १ मीटर भराव टाकला. घनमीटरला १८ किलोन्यूटन धरून खालच्या मातीवर १८ किलोपास्कल बोजा वाढला. मऊ थर १० मीटरचा, त्याच्या मध्यावर आधीपासूनचा प्रभावी ताण सुमारे ३० किलोपास्कल, आणि दबण्याचं गुणोत्तर ०.३ घेऊ. अशा मातीला ते साजेसं आहे, पण तुमच्या टेस्टमधलाच आकडा वापरा. खचणं म्हणजे १० गुणिले ०.३ गुणिले लॉग ४८/३०, उत्तर ६१ सेंटिमीटर. भराव खचत खचत भूजलाखाली गेला की त्याचं वजन थोडं हलकं होतं, त्यामुळे प्रत्यक्षात याहून काहीसं कमी. तरी १ मीटरचे पैसे मोजून हाती अर्ध्याच्या आसपासच उंची राहते.

आणि हे खचणं एका पावसाळ्यात संपत नाही. कन्सॉलिडेशनचा गुणांक वर्षाला १ चौरस मीटर आणि पाणी वर-खाली दोन्हीकडे निघतंय असं धरलं, तर निम्मं खचायला पाच वर्षं आणि ९० टक्के खचायला २१ वर्षं लागतात. मालकाने ताबा घेतला, फरशी बसवली, उद्घाटन झालं, तरी जमीन खालीच जात असते. त्रिकोणी मांडणीत १.२ मीटर अंतरावर पट्टीचे उभे ड्रेन टाकले आणि वर जादा भार ठेवला, तर तेच काम आठ महिने ते वर्ष-सव्वा वर्षावर येतं. ड्रेन ढकलताना भोवतालची माती किती लिंपली जाते त्यावर हा फरक. मोठ्या रस्त्याला किंवा तेलकंपन्यांच्या साठवण-यार्डाला हे परवडतं. वर्षभरात ताबा हवा असलेल्या दोन प्लॉटच्या मालकाला परवडत नाही. म्हणून म्हटलं, भरावच कमी करा.

जुन्या लोकांनी तेच केलं होतं. जॉर्जटाउनची पारंपरिक घरं लाकडी, खांबांवर उचललेली, खाली मोकळी जागा. तिला ‘बॉटम-हाउस’ म्हणतात. पाणी आलं तर खालून जाऊ दे, वारा खालून खेळू दे, आणि जमिनीवर वजन नको. सेंट जॉर्ज कॅथीड्रलचं उदाहरण तर पायाच्या वर्गात शिकवावं असं आहे. १८४२ चं विटांचं चर्च भेगा पडून धोकादायक झालं, ते उतरवावं लागलं, आणि नवं चर्च वजन कमी राहावं म्हणून लाकडात बांधलं. ते १८९२ मध्ये खुलं झालं, उंची ४३ मीटरच्या आसपास, आणि अजून उभं आहे. आता पैसा आला म्हणून सगळ्यांना काँक्रीट आणि ब्लॉकच्या भिंती हव्यात, आणि तळमजल्याची ती मोकळी जागा दुकानासाठी भिंती घालून बंद करायची असते. मालकाची हौस म्हणून ठीक, पण त्याची किंमत पाइलमध्ये मोजायची आहे हे त्याला पहिल्याच बैठकीत आकड्यांत दाखवा.

ते आकडे असे. ३०० मिमी चौकोनी प्रीकास्ट पाइल, लांबी १८ मीटर. वरच्या १० मीटरमध्ये सरासरी शिअर स्ट्रेंग्थ १५, खालच्या ८ मीटरमध्ये २६ किलोपास्कल. परिमिती १.२ मीटर. वरच्या भागाचं घर्षण १८० किलोन्यूटन, खालच्या भागाचं २५०, टोकाला जेमतेम २४. एकूण साडेचारशे, सुरक्षा गुणक २.५, म्हणजे एका पाइलवर १८० किलोन्यूटन, १८ टन. पाच बाय पाचच्या गाळ्यात तीन स्लॅबचे मिळून एका कॉलमवर ९०० किलोन्यूटन येत असतील तर कॉलमला पाच पाइल झाले.

हा हिशेब भराव नसताना. भोवती १ मीटर भराव टाकलात की वरची १० मीटर माती खाली सरकायला लागते आणि पाइलला आधार देण्याऐवजी त्यालाच धरून खाली ओढते. आधाराचे १८० गेले, उलट १८० चा बोजा अंगावर आला. खालचे २५० आणि टोकाचे २४ मिळून २७४, त्यातून १८० वजा, उरले ९४ किलोन्यूटन. तेही सुरक्षा गुणक लावायच्या आधी. असे पाइल कातळावर टेकलेले नसतात, ते स्वतःही थोडे खचतात, त्यामुळे पूर्ण ओढ सहसा लागत नाही हे खरं. पण इमारतीचं खचणं टाळायलाच तर पाइल घातले होते. हे गणित न करता ‘पाइल घातलेत, आता काळजी नाही’ म्हणून भरपूर भराव करणं, ही तिथली सगळ्यात महाग चूक.

पाइल ठोकताना चार गोष्टी. मऊ चिकणमातीत ठोकल्या ठोकल्या पाइल सहज खाली जातो आणि शेवटच्या दहा घावांची नोंद बघून सुपरवायझर घाबरतो. ठोकण्याने माती कालवली गेलेली असते, दोन ते चार आठवड्यांत ती पुन्हा घट्ट धरते. त्यामुळे लोड टेस्ट महिन्याभरानंतरच घ्या आणि त्याआधी लांबी वाढवायचे हुकूम देऊ नका. दुसरं, ठोकलेल्या पाइलने बाजूला सारलेली माती कुठेतरी वर येतेच, आणि येताना आधी ठोकलेला शेजारचा पाइलही उचलते. गटाच्या मधून बाहेरच्या बाजूला ठोकत जा आणि प्रत्येक पाइलच्या माथ्याची पातळी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. उचलला गेलेला पाइल पुन्हा ठोकायचा. तिसरं, शेजारच्या घरांच्या भेगांचे तारखेसह फोटो काम सुरू व्हायच्या आधी काढा आणि शेजाऱ्याची सही घ्या. चौथं, कोणी बोअर्ड पाइल (भोक पाडून जागेवरच ओतलेले) सुचवले तर मऊ थरात काँक्रीट ओतताना माती आत दाबली जाऊन पाइलची कंबर बारीक होते. पूर्ण उंचीचं केसिंग (भोक धरून ठेवणारी नळी) नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

लाकडी पाइलचा पर्यायही तिथे खरा आहे. ग्रीनहार्ट नावाचं गयानाचं लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड आणि कीड-कुजण्याला दाद न देणारं. करवतताना ते अचानक फुटतं, म्हणून ओंडक्याला साखळी आवळून मग कापतात. गोदामासारख्या हलक्या बांधकामाला ते अजूनही चांगलं, फक्त पाइलचा माथा कायमच्या भूजल पातळीच्या खाली कापा आणि तिथून वर काँक्रीटची कॅप (पाइलचे माथे जोडणारा ठोकळा) घ्या. ओल्या-सुक्याच्या सीमेवर कुठलंच लाकूड फार काळ टिकत नाही. सरळ, लांब ओंडके मात्र आधी सांगून ठेवल्याशिवाय मिळत नाहीत.

तळमजल्याचा स्लॅब मातीवर टाकू नका. फ्रेम पाइलवर आणि स्लॅब भरावावर असला की फ्रेम जागेवर राहते, स्लॅब खाली जातो, आणि दोन वर्षांत प्रत्येक दारात पायरी तयार होते. स्लॅब कॅप आणि बीमवरच पेलता ठेवा. गोदामात फोर्कलिफ्ट आणि रॅक असतील तर तिथेही हेच. पाइल परवडत नसतील, तर गोदाम पूर्ण वेगळं करा, हलका पत्र्याचा सांगाडा एकाच कडक राफ्टवर (पूर्ण जागेखालच्या एकसंध पायावर) तरंगू द्या, आणि ऑफिसशी त्याला कुठेही बांधू नका. मधला जोड किमान ५० मिमी मोकळा.

इमारत जागेवर आणि अंगण खाली, याचा फटका पाइपांना बसतो. भिंतीतून बाहेर पडणारा मलनिस्सारणाचा पाइप बरोबर भिंतीच्या तोंडाशी तुटतो. तिथे एक लवचीक सांधा, अर्धा-पाऊण मीटरचा तुकडा, मग दुसरा सांधा अशी जोडी ठेवली की पाइप वाकतो पण सुटत नाही. सेप्टिक टँकचं वेगळंच दुखणं. भूजल जमिनीच्या इतकं जवळ असतं की शोषखड्डा पावसात उलटा भरतो, आणि रिकामी टाकी तरंगते. ३ बाय २ बाय दीड मीटर बाहेरच्या मापाची, १५० मिमी भिंतीची बंद टाकी घ्या. पाणी जमिनीपर्यंत आलं तर वर उचलणारं बल ९० किलोन्यूटन आणि टाकीचं स्वतःचं वजन साधारण ८५. उपसल्यावर ती उठणारच. तळाचा स्लॅब चारही बाजूंनी ३०० मिमी बाहेर काढा, वरच्या मातीचं वजन तिला दाबून धरतं. आणि भर पावसात टाकी पूर्ण उपसू नका.

आता पाण्याकडे येतो. वर्षाला सुमारे २३०० मिमी पाऊस, म्हणजे मुंबईच्या बरोबरीचाच, पण दोन हंगामांत: मे ते जुलै आणि डिसेंबर-जानेवारी. जानेवारी २००५ मध्ये महिन्याभरात १००० मिमीहून जास्त पडला आणि किनारपट्टी कित्येक दिवस पाण्याखाली होती. कोकर ओहोटीतच उघडतो. भरतीच्या वेळी पडलेला पाऊस शहरातच कुठेतरी थांबला पाहिजे. नवी मुंबईत सिडकोने धारण तलाव ठेवले ते नेमके यासाठी. जॉर्जटाउनमध्ये हे काम उघडे चर, मोकळी अंगणं आणि घरांखालच्या बॉटम-हाउसनी मिळून केलं. त्यातलं प्रत्येक अंगण एकेकाने भरून टाकलं की पाणी थांबायचं कुठे? तुमच्या दोन प्लॉटचं क्षेत्र ९३० चौरस मीटर. भरतीच्या वेळात ७५ मिमी पाऊस पडला तर ७० घनमीटर पाणी, ७० हजार लिटर. प्लॉट उंच करून फरसबंदी केलीत तर ते सगळं शेजाऱ्याकडे जातं. मग पुढच्या वर्षी शेजारी तुमच्यापेक्षा अर्धा फूट जास्त भरतो. ही शर्यत कोणीच जिंकत नाही, फक्त वाळूवाला जिंकतो.

त्यामुळे माझा आग्रह असा: ऑफिसखाली बॉटम-हाउस ठेवा, पार्किंगसाठी वापरा, त्याची पातळी रस्त्याच्या काठापेक्षा जेमतेम वर. फक्त गाडीरस्ता आणि गोदामाची जागा ३०० ते ४०० मिमी भरा. बाकी अंगण जसंच्या तसं खोलगट, गवताचं. वीजपॅनेल, जनरेटर आणि पंप पहिल्या मजल्याच्या पातळीवर किंवा किमान दीड मीटरच्या ओट्यावर.

रस्ता आणि प्लॉट यांच्यामध्ये चर असतो, तो ओलांडायला प्रत्येक जण स्वतःचा छोटा पूल टाकतो. इथे लोक ४५० मिमीचा पाइप टाकून वर काँक्रीट करतात. चर १ मीटर रुंद, ९० सेंटिमीटर खोल, म्हणजे ०.९ चौरस मीटर. पाइपचा छेद ०.१६. सहापटीने गळा आवळला, वर प्लॅस्टिकच्या बाटल्या अडकल्या की झालं. चराच्या पूर्ण रुंदीचा स्लॅब दोन्ही काठांवर टाका, तळाला हात लावू नका. काठावर भार येणार म्हणून टेकू काठापासून थोडे मागे, छोट्या पाइलवर. चराच्या लगत मोकळ्या वाळूचा ढीग एक रात्रही ठेवू नका. मऊ काठ ढिगासकट चरात घसरतो आणि मग पालिकेचा माणूस नोटीस घेऊन येतो, ते योग्यच आहे.

थोडा भराव करायचाच आहे तर असा. वरचं गवत कापा पण पापुद्रा खणून काढू नका, तो तुमचा एकमेव कडक थर आहे. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), मग ३०० मिमीच्या थरांत वाळू. ही पांढरी वाळू एकसारख्या दाण्याची, कोरडी असताना रोलर फिरवून बसत नाही. भरपूर पाणी मारून प्लेट व्हायब्रेटर चालवा. वर १५० मिमी क्रशर-रन किंवा चिकट लोम माती घाला, नाहीतर पहिल्या सरीबरोबर वाळू चरात. कडेला वाळू धरून ठेवायला भिंत हवीच, आणि तिच्या सांध्यांमागे जिओटेक्स्टाइल. काँक्रीटला मात्र ही भरावाची वाळू नको. त्यासाठी तपकिरी, भरड वाळू वेगळी मिळते, तिला ‘रीफ सँड’ म्हणतात. चाळणी चाचणी केल्याशिवाय तीही घेऊ नका.

मालाबद्दल आपल्या माणसाला चकवणाऱ्या दोन गोष्टी. सिमेंटची गोणी कॅरिबियनमध्ये सहसा ४२.५ किलोची असते, ५० ची नाही. आपल्याकडे ३५ लिटरची मापपेटी एका गोणीला धरून केलेली असते. त्याच पेट्या मोजून माल कालवला तर प्रत्येक घाण्यात सिमेंट १५ टक्के कमी पडतं, आणि क्यूब टेस्ट नापास झाल्यावर खापर वाळूवर फुटतं. पेट्या नव्याने करा, एका गोणीला ३० लिटर. दुसरी गोष्ट सळई. ड्रॉइंग एफई ५०० (आपल्याकडचा सळईचा दर्जा) च्या १२ मिमीत, बाजारात अर्धा इंची. व्यास जास्त म्हणून कोणी खुशाल बदली करतं. १२ मिमी एफई ५०० ची ताकद ५६ किलोन्यूटन. अर्धा इंची अमेरिकी मानकाची (एएसटीएम) ग्रेड ४० असेल तर ३५. ग्रेड ६० घेतली तरी ५३. सळईवरचा ठसा वाचा आणि बदली डिझायनरच्या सहीनेच करा. खडी आतल्या नद्यांवरच्या खाणींतून बार्जने येते, एक बार्ज उशिरा म्हणजे तुमचा स्लॅब आठवडाभर पुढे. एका स्लॅबपुरती खडी आणि सिमेंट साइटवर असल्याशिवाय शटरिंग बांधून ठेवू नका. करारात सिमेंट, सळई, खडी आणि डिझेल यांच्या दरवाढीचं कलम घाला. एकरकमी करार करून बसलेला ठेकेदार दर चढले की काम हळू करतो, आणि हळू झालेलं काम पुन्हा वेग धरत नाही.

जमेची बाजूही आहे. गयाना चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहे आणि भूकंपाची भीती कमी. त्यामुळे बाकी कॅरिबियन बेटांसाठी केलेलं डिझाइन तसंच उचललं तर विनाकारण वजन वाढतं, आणि वजन म्हणजे पाइल. खारा वारा मात्र कायमचा. बाहेरच्या काँक्रीटला ५० मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत.

परवानगी शहराच्या हद्दीत महापालिकेच्या सिटी इंजिनिअरकडून, बाहेर स्थानिक परिषद आणि सेंट्रल हाउसिंग अँड प्लॅनिंग अथॉरिटी. प्लॉटच्या मागून मोठा निचऱ्याचा कालवा जात असेल तर त्याच्या राखीव पट्टीत काहीही बांधू नका. तिथून डिसिल्टिंगचं एक्स्कॅव्हेटर जायचं असतं.

वीज ६० हर्ट्झ, ११०-१२० आणि २२०-२४० व्होल्ट. भारतातून ५० हर्ट्झचा पंप नेऊन लावलात तर तो २० टक्के जास्त वेगाने फिरतो आणि मोटरवरचा बोजा वेगाच्या घनाने, म्हणजे १.७ पट होतो. पाणी भन्नाट येतं आणि काही दिवसांत वाइंडिंग जळतं. तिथलाच ६० हर्ट्झचा घ्या. वीज जाण्याचं प्रमाण बघता जनरेटर धरूनच चाला. वेल्स इथे गॅसवर चालणाऱ्या ३०० मेगावॉटच्या केंद्राचं काम हाती घेतलंय, पण त्याच्या भरवशावर जनरेटर गाळू नका.

शेवटचं, खर्च जवळजवळ नाही आणि फायदा मोठा. प्रत्येक कॉलमला प्लिंथच्या वर पितळी खिळा बसवा, अंगणात आणि गोदामाच्या चार कोपऱ्यांत आणखी सहा. पहिला स्लॅब पडल्यापासून दर पंधरा दिवसांनी, ताबा दिल्यावर दर तीन महिन्यांनी पातळी घ्या. संदर्भबिंदू मात्र तुमच्या प्लॉटबाहेर, खोल पाइलवरच्या एखाद्या जुन्या बांधकामावर हवा. शेजारच्या दोन कॉलममधला फरक ५ मीटरला १० मिमीकडे सरकायला लागला तर वरच्या मजल्याच्या ब्लॉकच्या भिंती थांबवा, त्या जागी हलकी पार्टिशन वापरा, आणि त्या कोपऱ्याजवळ कोणी नवीन भराव टाकलाय का ते बघून या. बहुतेक वेळा तो शेजारच्या प्लॉटवर सापडतो.